एफआरपी, एकच ग्राहक आणि साखरेचा दर

काही जण म्हणतात की एफआरपी, म्हणजे केंद्र सरकार ठरवतं तो उसाचा किमान भाव, ही बाजारात ढवळाढवळ आहे, ती काढली की ऊस आपोआप योग्य भावाला जाईल. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला किमान भावाचा नियम असंच सांगतो, पण तो अनेक ग्राहक धरून मांडलेला असतो. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, त्यातली साखर कमी होते. कोल्हापूरच्या करवीर-कागलमधला शेतकरी तोडलेली मोळी घेऊन दर विचारत चार कारखाने हिंडू शकत नाही. त्यात महाराष्ट्रात दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतराची अट. म्हणजे जवळपास एकच ग्राहक. तिथे बेताचा किमान भाव बाजार बिघडवत नाही, उलट ग्राहकाची दर पाडायची ताकद कमी करतो.

खरी अडचण पुढे आहे. 2025-26 ची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला 355 रुपये, पुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46. आपल्याकडचा 12.25 उतारा धरा: टनाला 4,242, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. त्याच टनातून साखर निघते 122.5 किलो. फेब्रुवारी 2019 मध्ये ठरलेल्या किलोला 31 रुपये या साखरेच्या किमान विक्री दराने तिचे होतात 3,797. मळी, बगॅस (उसाचं चिपाड), इथेनॉल यांतून भर पडते, पण गाळपाचा खर्चही त्यातूनच भागवायचा. साखरेचा दर या तळाला टेकला की 14 दिवसांत बिल द्यायचा नियम मोडतो आणि थकबाकी साचते. कच्च्या मालाचा भाव दरवर्षी हलवायचा आणि पक्क्याचा वर्षानुवर्षं गोठवायचा, चूक इथे आहे. एफआरपी काढण्याआधी दोन्ही दर एकाच सूत्राला बांधा.