मदत हवी आहे: एकाच शाळेतले दोन मॅग्नेट प्रोग्रॅम. गणित-विज्ञान की लेखन-माध्यमं?

हळकुंड

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तो लांबलाय, सांभाळून घ्या. शुक्रवारपर्यंत शाळेला उत्तर कळवायचंय आणि घरात एकमत होत नाहीये.

आम्ही मेरीलँडमध्ये सिल्व्हर स्प्रिंगला राहतो. लेक आठवीत आहे. माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूलच्या दोन मॅग्नेट प्रोग्रॅमसाठी तिने अर्ज केला होता, दोन्हीकडे निवड झाली. भारतातल्या वाचकांसाठी सांगते, ही सरकारी शाळा आहे, फी नाही. तीन हजारांहून जास्त मुलं एका इमारतीत शिकतात. त्यातच हे खास अभ्यासक्रम चालतात, त्यांना वेगळा अर्ज आणि वेगळी निवड असते.

पहिला गणित-विज्ञान-कॉम्प्युटरचा, १९८५ पासून चालू असलेला. वर्षाला साधारण शंभर मुलं घेतात. पहिल्या दोन वर्षांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, पृथ्वीविज्ञान, जीवशास्त्र असं सगळंच करायचं, प्रोग्रॅमिंग नववीपासून सक्तीचं, आणि वेळापत्रकात इतरांपेक्षा एक तास जास्त. पुढे अकरावी-बारावीत क्वांटम फिजिक्स, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, सागरी जीवशास्त्र असे विषय निवडता येतात. आमच्या वेळी हे विषय एम.एस्सी.च्या मुलांच्या तोंडी ऐकलेले. अकरावीनंतरच्या सुट्टीत मुलं प्रयोगशाळांमध्ये संशोधन करतात.

दुसरा कम्युनिकेशन आर्ट्स प्रोग्रॅम, सगळे 'कॅप' म्हणतात. तो आमच्यासारख्या डाउनकाउंटी, म्हणजे काउंटीच्या दक्षिणेकडच्या भागातल्या मुलांसाठी आहे. इंग्रजी, सामाजिक शास्त्रं आणि माध्यमं हे विषय त्यात एकमेकांत गुंफून शिकवतात. इतिहासात जो काळ चालू असेल त्यातलंच साहित्य इंग्रजीला, आणि त्यावरच नाटक किंवा माहितीपट. गणित-विज्ञान मात्र शाळेतल्या बाकी मुलांबरोबर.

आता मुलीबद्दल. गेल्या वर्षी तिने एक उद्योग केला, तो सांगितला की माझी अडचण कळेल. व्हीटन मेट्रो स्टेशनचा सरकता जिना २३० फूट लांब आहे. शनिवारी आम्ही तिथून जायचो. ही घड्याळ लावून वेळ मोजायची. उभं राहिलं तर किती, चाललं तर किती, मधेच कुणी वाट अडवली तर किती. त्याचा तक्ता केला, सरासरी काढली. मग त्याच वहीत पुढची नऊ पानं लिहिली, तेवढ्या वेळात माणसं काय करतात यावर. एक बाई दर वेळी अर्ध्या जिन्यावर पर्समधून आरसा काढते, एक म्हातारे गृहस्थ वर पोचेपर्यंत डोळे मिटून घेतात. मी ती पानं चोरून वाचली आणि मला रडू आलं. नवऱ्याने तक्ता पाहिला आणि म्हणाला, हिला गणिताकडे घाला.

नवऱ्याचं म्हणणं, पाया गणिताचा असू दे, लिहिणं कधीही करता येतं. मिरजेहून सासऱ्यांचंही तेच. त्यांनी तर अभिनंदनाचा फोन एकाच प्रोग्रॅमबद्दल केला, दुसऱ्याचं नावही घेतलं नाही. मला मात्र वाटतं की लिहिणं कधीही करता येत नाही. वय निघून जातं.

लेक 'तुम्ही ठरवा' म्हणते आणि खोलीत जाते.

ज्यांची मुलं यातून गेलीत किंवा जे स्वतः शिकलेत त्यांनी खरं काय ते सांगा. एका प्रोग्रॅममध्ये राहून दुसऱ्याची भूक भागवता येते का?


रॉकक्रीक

अभिनंदन! माझा मोठा मुलगा याच गणित-विज्ञान प्रोग्रॅममधून बाहेर पडला. पहिलं वर्ष जड गेलं, हे आधीच सांगतो. मिडल स्कूलमध्ये न घासता पहिला यायचा. इथे पहिल्या चाचणीत आयुष्यातला पहिला 'सी' आला, दोन दिवस नीट जेवला नाही. मग तीन मित्र मिळाले आणि चौघं रात्री कॉलवर बसून एकेका गणिताशी झुंजायला लागले. त्या चौघांनी त्याला जे शिकवलं ते मला तरी घरी शिकवता आलं नसतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. 'सिल्व्हर चिप्स' हे शाळेचं वर्तमानपत्र. त्यात काम करणारी मुलं अकरावी-बारावीची, आणि ती सगळ्या प्रोग्रॅममधून येतात. म्हणजे गणितवाल्या मुलीला वर्तमानपत्राचं दार उघडं आहे. उलट दिशेचा रस्ता अवघड, कारण इथलं गणित-विज्ञान पायरीवर पायरी आहे. नववीच्या पायऱ्या चुकल्या तर अकरावीत थेट वरच्या पायरीवर पाय ठेवता येत नाही.


शाईपेन

वरचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच आहे, म्हणून लिहिते. माझी मुलगी कॅपमध्ये होती.

'गणितात राहून लिहिता येतं' हे म्हणायला सोपं आहे. आठ तास, त्यावर प्रयोगांचे अहवाल, त्यावर प्रोग्रॅमिंगची गृहपाठं. लिहायला वेळ कुठून आणायचा? कॅपमध्ये लेखन हेच मुख्य काम असतं. कच्चा मसुदा, त्यावर वर्गातल्या चार मुलांच्या प्रतिक्रिया, मग दुसरा मसुदा. माझी मुलगी नववीत टीका ऐकली की रडायची. बारावीत ती स्वतः दुसऱ्यांचे मसुदे तपासत होती आणि कुणाचं मन न दुखवता चूक दाखवायला शिकली होती.

सी-स्पॅन वाहिनीची स्टुडंटकॅम म्हणून शालेय माहितीपटांची स्पर्धा असते, ब्लेअरच्या मुलांनी तिच्यात बक्षिसं मिळवली आहेत. त्यासाठी मुलं खऱ्या माणसांना फोन करून मुलाखती मागतात. माझी बुजरी मुलगी एका नगरसेवकाच्या कार्यालयात सलग सहा वेळा फोन करून वेळ मिळवून आली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि कॅप घेतलं म्हणजे गणित संपलं असं मुळीच नाही. कॅल्क्युलस, एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) विज्ञान विषय शाळेत सगळ्यांना आहेत. माझीने दोन्ही केले.


बेल्टवे

प्रोग्रॅम कोणताही घ्या, एक गोष्ट लक्षात असू द्या. मॅग्नेट हा प्रकार अमेरिकेत १९७० च्या दशकात वाढला तो हुशार मुलांना वेगळं काढण्यासाठी नाही. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या पडल्या होत्या. सक्तीने बसमध्ये बसवून मुलं इकडची तिकडे नेण्याऐवजी शाळेत असं काही ठेवायचं की सगळीकडची मुलं आपणहून ओढली जातील, म्हणून नाव मॅग्नेट. ब्लेअरमध्येही तो याच कारणाने आला.

प्रत्यक्षात मात्र मॅग्नेटची मुलं दिवसभर त्याच शंभर जणांत फिरतात. एकाच छताखाली दोन शाळा होतात. मी स्वतः अशाच एका शाळेतून (दुसऱ्या राज्यातल्या) शिकलो आणि बारावीपर्यंत माझ्या लॉकरशेजारच्या मुलाचं नाव मला माहीत नव्हतं. याची खंत आजही आहे. तुमच्या लेकीला माणसं बघायची सवय आहे, तिला बँड, खेळ, नाटक, काहीतरी असं घ्यायला लावा जिथे सगळ्या शाळेतली मुलं भेटतील. तीन हजार मुलांची शाळा ही त्या सरकत्या जिन्यापेक्षा मोठी गोष्ट आहे.


नऊतेपाच

गणित घ्या. नोकरीचा बाजार बघताय ना.


शाईपेन

@नऊतेपाच, चौदा वर्षांच्या मुलीला आठ-दहा वर्षांनंतरचा बाजार बघून विषय निवडायला सांगणं मला पटत नाही. आपण शिकत होतो तेव्हा ज्या नोकऱ्यांची खात्री दिली गेली होती त्यातल्या किती आज तशाच उरल्या आहेत? त्या मुलीला काय झेपेल आणि काय आवडेल यावर बोलूया.


पाटीपूजन

हळकुंडताई, थोडं स्पष्ट विचारते, राग मानू नका. 'वय निघून जातं' हे वाक्य तुमच्या लेकीचं नाही, तुमचं आहे. तुमचं काही राहून गेलंय का? मी वीस वर्षं शिकवतेय (ठाण्यात, तिकडे नाही). पालकसभेत एक पालक मुलाला स्वतःच्या वाटेने ओढतो आणि दुसरा स्वतःच्या राहून गेलेल्या वाटेने. मुलाला दोन्ही ओढी सारख्याच जाणवतात. मग ते 'तुम्ही ठरवा' म्हणून खोलीत जातं.

तिला 'कुठे जायचंय' असं विचारू नका, त्याचं उत्तर तिला परीक्षेसारखं द्यावं लागतं. दोन्हीकडचे नववीचे विषय एका कागदावर तिच्यासमोर ठेवा आणि मंगळवारी सकाळी कोणत्या तासाला जायला आवडेल ते विचारा. आणि त्या वेळी नवऱ्याने आणि तुम्ही दोघांनीही गप्प बसा.


हळकुंड

पाटीपूजन, राग नाही आला. पण तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्रभर झोप लागली नाही.

हो, राहून गेलंय. सांगलीत दहावीला मला ८९ टक्के पडले आणि मी घरी आर्ट्सला जाते म्हणाले. आई-वडील ओरडलेसुद्धा नाहीत, हसले. मला वाटतं त्यांनी ऐकलंच नाही. सायन्सचा फॉर्म वडिलांनी भरून आणला. मी वाईट इंजिनियर नाही, कामात मन लागतं. पण मराठीच्या बाईंनी वाचनालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली होती, ती परत करताना काय वाटलं ते आजही आठवतं. लेकीची ती नऊ पानं वाचताना मी तिची पानं वाचत नव्हते बहुतेक.

आज संध्याकाळी कागद ठेवला. नवऱ्यालाही हे सगळं सांगितलं होतं. त्याने शब्द पाळला, स्वयंपाकघरात भांडी लावत बसला. लेकीने दोन्ही रकाने बराच वेळ वाचले. मग गणिताच्या रकान्यावर बोट ठेवलं.

मला कॅपची खात्री होती. का म्हणून विचारलं. ती म्हणाली (निम्मं इंग्रजीत, मी मराठीत लिहिते), "लिहिणं माझं आहे. ते मी वहीत करतेच. त्याला दर आठवड्याला मार्क पडायला लागले तर मी वही उघडीन का, मला माहीत नाही. गणित मला एकटीला घरी बसून येत नाही, त्याला बाकीची मुलं लागतात." आणि मग, "आणि तू माझी वही वाचलीस ते मला माहितीये."

मी माफी मागितली. ती म्हणाली पुढच्या वेळी विचार.

शाईपेन, तुमचं म्हणणं मी तिला वाचून दाखवलं, चार जणांनी मसुदा वाचण्याचं. त्यावर ती थोडी अडखळली. म्हणाली ते नववीत नको, पण मोठी झाल्यावर चालेल. म्हणून 'सिल्व्हर चिप्स'ची चौकशी तिने स्वतःच सुरू केलीय. नवरा खूश आहे, पण तिने दिलेलं कारण ऐकून तो थोडा गप्पच झालाय. सासऱ्यांना उद्या तीच फोन करणार आहे, वहीसकट सगळं सांगणार म्हणते.

बेल्टवे, बँडचं तिला आवडलं. क्लॅरिनेट तीन वर्षं वाजवतेय, सोडायचं नाही म्हणाली.

आता अडचण वेळापत्रकाची. आठ तासांत सक्तीचे विषय, स्पॅनिश, बँड आणि दहावीला पत्रकारितेचा वर्ग एवढं बसवायचं तर एक तास कमी पडतोय असं दिसतं. काउन्सेलरला मेल केलाय, उत्तर यायचंय. रॉकक्रीक, तुमच्या मुलाने किंवा त्याच्या मित्रांनी हे कसं जमवलं? कुणी एखादा सक्तीचा विषय उन्हाळ्यात उरकला होता का? गुरुवारी रात्रीपर्यंत मी इथे येऊन बघत राहीन.