प्रतिसाद : आरआयएमसीची तोंडी परीक्षा

मुलगा आरआयएमसीची (डेहराडूनचं राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज) लेखी पास झालाय, आता तोंडीसाठी, म्हणजे मुलाखतीसाठी, महिनाभर पुण्याला क्लासला पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. मी तरी पाठवणार नाही.

लेखी ४०० गुणांची (इंग्रजी १२५, गणित २००, सामान्य ज्ञान ७५), तोंडी ५० ची. पण तोंडीतही निम्मे गुण लागतातच, त्यामुळे हलक्यात घेऊ नका.

आमच्या भाच्याला एका क्लासने 'माय हॉबी इज रीडिंग' घोटून दिलं होतं. मी घरी सहज विचारलं, शेवटचं काय वाचलंस? पोरगा पंख्याकडे बघायला लागला. आजी आतून ओरडली, "मेल्या, पंख्यात काय बगतंस?"

मग ते सोडलं आणि त्याला रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी) बोलायला लावलं. दोन्हीकडून दोर कसे ओढतात, माशांचे वाटे कसे पडतात. मोडक्या इंग्रजीत, पण डोळ्यात डोळे घालून दहा मिनिटं बोलला!

तुम्ही मालवणचे, म्हणजे शिवरायांचा सिंधुदुर्ग किल्ला समोरच. त्यावर किंवा नौदलावर प्रश्न आला आणि पोरगं गप्प बसलं तर वाईट दिसेल. ४ डिसेंबरला नौदल दिन का (१९७१, कराचीवरचा हल्ला), २०२३ साली तो तारकर्लीला झाला, २०२२ पासून नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, एवढं तरी त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं.

आणि येत नसेल तर सरळ 'सॉरी सर, आय डोन्ट नो' म्हणायची सवय लावा. आमच्याकडे यालाच सर्वात जास्त दिवस लागले.