विंडोज आणि उबुंटू दोन्हीवर पायथनचं वेगळं एन्व्हायर्नमेंट कसं ठेवायचं?

यावलकर: भो, घरी विंडोज लॅपटॉप अन् जळगावला कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू. प्रोजेक्ट एकच, केळीच्या भावाचा डेटा. व्हीएन्वचं (venv, म्हणजे एका प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन एन्व्हायर्नमेंट) फोल्डर पेनड्राइव्हवर नेलं तर तिकडे चालत नाही, असं का? आणि उबुंटूवर पिप (pip, पायथनची पॅकेजं टाकणारा प्रोग्राम) सरळ एक्स्टर्नली मॅनेज्ड, म्हणजे हे पायथन सिस्टिमच्या ताब्यात आहे, म्हणून नकार देतं.

धुळ्याचा डेव्हलपर: भाऊ, ते फोल्डर न्यायचंच नसतं. त्यात त्या मशिनवरच्या पायथनचे पत्ते लिहिलेले असतात, वर विंडोजवर आत स्क्रिप्ट्स फोल्डर बनतं आणि उबुंटूवर बिन, म्हणून चालणार कसं? पिप फ्रीझ (pip freeze) करून रिक्वायरमेंट्सची फाइल, म्हणजे टाकलेल्या पॅकेजांची यादी बनव, कोड अन् ती फाइल ने, तिकडे नवं व्हीएन्व कर. पिपचा नकार २३.०४ पासूनच्या उबुंटूत येतो, सिस्टिमचं पायथन बिघडू नये म्हणून, आणि ते बरोबरच आहे, जबरदस्तीचा पर्याय वापरू नको, व्हीएन्वच्या आत पिप चालतंच. पायथन३-व्हीएन्व पॅकेज नसेल तर लॅबवाल्या सरांना ॲप्टने (apt, उबुंटूची इन्स्टॉल करायची कमांड) टाकायला सांग.

नंदुरबारहून: विंडोजच्या पॉवरशेल या कमांड खिडकीत व्हीएन्व ॲक्टिव्हेट (चालू) करताना लाल एरर आला तर एक्झिक्युशन पॉलिसी, म्हणजे स्क्रिप्ट चालवू देण्याचा नियम, रिमोटसाइन्ड (RemoteSigned) कर, पण स्कोप करंट यूजरच ठेव, म्हणजे फक्त तुझ्या खात्यापुरता.

यावलकर: समजलं. पण घरी नेट फार कमी, पांडास (pandas, डेटा हाताळायचं पॅकेज) डाउनलोड होता होता तुटतं. लॅबमधूनच पॅकेजं आणता येतील का?

धुळ्याचा डेव्हलपर: येतील ना. पिप डाउनलोड (pip download) वापर, फक्त प्लॅटफॉर्म विन एएमडी६४ (win_amd64, म्हणजे ६४-बिट विंडोज) सांग, ओन्ली बायनरी (--only-binary=:all:, फक्त तयार फाइली) लाव आणि घरचं पायथन व्हर्जनही दे, नाहीतर लिनक्सच्या फाइली येतील. घरी नो इंडेक्स (--no-index, नेटवर शोधू नको) अन् फाइंड लिंक्स (--find-links, या फोल्डरात शोध) देऊन पेनड्राइव्हवरूनच इन्स्टॉल कर, नेट लागणारच नाही.