शब्दचर्चा : ‘डोलेन’ या नावाला मराठी शब्द

प्रश्न : नॉर्वेतल्या भाषावादावर मराठीत लेख लिहिते आहे. त्यात आस्मुंड ओलावसन विन्ये यांच्या ‘डोलेन’ या साप्ताहिकाचा उल्लेख येतो. कोशात ‘डोल’चा अर्थ ‘दरीत राहणारा’ असा आहे. ‘दरीवासी’ फारच पुस्तकी वाटतो. ‘मावळा’ चालेल का?

प्रतिसाद : ‘मावळा’ भौगोलिक अर्थाने अगदी जवळचा आहे. ‘डाल’ म्हणजे खोरे, खोऱ्यातला तो ‘डोल’. शेवटचा ‘एन’ इंग्रजीतल्या ‘द’चे काम करतो. गुडब्रान्सडालचा माणूस गुडब्रान्सडोल, जसा मावळातला मावळा. पण आपल्याकडे मावळा म्हटला की ढाल-तलवार आणि शिवाजी महाराज डोळ्यांपुढे येतात. विन्ये यांचा डोल लढवय्या नाही. तो राजधानीत येऊन आपल्याच बोलीत राजकारणावर, कवितेवर बोलणारा खेड्यातला माणूस आहे. ‘घाटी’ तर नकोच. त्या शब्दाला मुंबईत जो हिणवणीचा वास लागला आहे, तो वाचकाच्या मनातून जाणार नाही.

मला ‘खोरेकरी’ पटतो. शब्द फारसा रुळलेला नाही, पण गावकरी, शेतकरी यांच्या पंक्तीत सहज बसतो.

हे नाव का ठेवले, ते लेखात अवश्य सांगा. 1814मध्ये नॉर्वे डेन्मार्कपासून सुटला, तरी लिहिण्याची भाषा डॅनिशच राहिली. ख्रिस्तियानियातली (आजचे ओस्लो) वृत्तपत्रे त्याच भाषेत निघत. इव्हार ओसेन यांनी गावोगाव फिरून बोली गोळा केल्या, 1848मध्ये व्याकरण आणि 1850मध्ये कोश छापला. त्यांतून उभी राहिली ती ‘लान्स्मोल’. पण व्याकरण आणि कोश झाले म्हणून त्या भाषेत लोक सरकारवर टीका करू लागतात, प्रवासवर्णन लिहू लागतात असे नाही. ते करून दाखवले विन्ये यांनी. टेलेमार्कमधल्या एका गरीब कुळाचा हा मुलगा कायदा शिकला, आधी प्रस्थापित भाषेत पत्रकारिता केली आणि 10 ऑक्टोबर 1858 रोजी ‘डोलेन’चा पहिला अंक काढला. जवळजवळ सगळा मजकूर ते एकटेच लिहीत. 1860मध्ये राज्याभिषेक पाहायला ते त्रोन्हाइमला गेले, बरीचशी वाट पायी तुडवत. ते प्रवासवर्णन आधी याच साप्ताहिकात आले. पुढे न्याय खात्यात नोकरी मिळाली, पण सरकारवर लिहिणे थांबले नाही आणि 1868मध्ये ती गेली. मध्ये मध्ये खंड पडत साप्ताहिक 1870पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत चालले. एका माणसाने एवढे रेटले याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रश्नकर्ती : ‘खोरेकरी’ आवडला. मग ‘लान्स्मोल’ला ‘राष्ट्रभाषा’ म्हणू की ‘ग्रामभाषा’? दोन्ही अर्थ दिसतात.

प्रतिसाद : दोन्ही खरे आहेत. ‘लान’ म्हणजे देश, आणि ‘शहराबाहेरचा मुलूख’ असाही अर्थ होतो. ‘राष्ट्रभाषा’ म्हटले तर सरकारी शिक्का बसतो, आणि तो तेव्हा नव्हताच. संसदेने समान दर्जा दिला 1885मध्ये. ‘ग्रामभाषा’ म्हटले तर ओसेन यांचा सगळ्या देशासाठी एक भाषा घडवण्याचा हेतू झाकला जातो. ‘देशी भाषा’ म्हणा. आपल्या ‘देश’ शब्दातही राष्ट्र आणि घाटावरचा मुलूख असे दोन्ही अर्थ नांदतात. 1929पासून तिचे अधिकृत नाव ‘नीनॉर्स्क’, म्हणजे नवी नॉर्वेजियन, आहे. 1858बद्दल लिहिताना ते वापरू नका.

आणखी एक प्रतिसाद : उच्चाराबद्दल थोडे. नावातला पहिला स्वर मराठीत नाही. ओठ ‘ओ’साठी गोल करून ‘ए’ म्हणायचा. लिहिताना ‘डोलेन’ ठीक आहे, कंसात एकदा उच्चार समजावून द्या. नावाखालच्या ‘वीकुब्लाड’मधला ‘ब्लाड’ही पाहा : मूळ अर्थ झाडाचे पान, मग कागद, मग नियतकालिक. आपला ‘पत्र’ त्याच वाटेने वृत्तपत्रापर्यंत आला. त्यामुळे ‘साप्ताहिक’ऐवजी ‘साप्ताहिक पत्र’ लिहिलेत तर मूळ नावाच्या अधिक जवळ जाल.