नव्या कॅमेऱ्यात संत्री पिवळी का दिसतात?

प्रश्न: भावाची काटोलला बाग आहे, ऑर्डरसाठी फोटो मी इथे नागपुरात घरी काढते. अंगणात काढले तरी केशरी साल लिंबासारखी पिवळी येते. घरात बल्बखाली तर विचारूच नका. गिऱ्हाइकाला खरा रंग दाखवायचाय. काय चुकतंय?

उत्तर: ताई, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर असेल. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. संत्र्याजवळ १८ टक्के उजेड परतवणारं राखाडी ग्रे कार्ड ठेवून त्यावरून व्हाइट बॅलन्स कस्टम सेट करा. खिडकीचा उजेड आणि बल्ब एकत्र नको.

उत्तर: अंगणातलं कारण वेगळं वाटतं. केशरीत लाल सर्वांत जास्त. फोटो उजळ झाला की लाल चॅनल आधी भरतो (कॅमेरा लाल, हिरवा, निळा वेगवेगळे नोंदवतो), हिरवा मात्र वाढतच राहतो, म्हणून रंग पिवळ्याकडे सरकतो. आरजीबी हिस्टोग्राम (तिन्ही रंगांचे आलेख, उजव्या काठाला चिकटला तो चॅनल भरला) बघा, एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) थोडं उतरवा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, पाठवताना एसआरजीबी (बहुतेक स्क्रीनवर चालणारी रंगपद्धत).

प्रश्नकर्ती: दादा, लाल खरंच उजव्या काठाला चिकटला होता! एक्स्पोजर पाऊण स्टॉप (एक स्टॉप उतरवला की उजेड निम्मा) उतरवलं आणि आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याच्या) फळांच्या सालीवरची हिरवट झाकसुद्धा आली. ती मी मुद्दाम ठेवणार. आज ग्रे कार्ड आणायला सीताबर्डीला जाते.