वेरूळचा गिलावा आणि दोन विषयांची पीएचडी

पीएचडीत दोन विषय एकत्र केले की एक ना धड भाराभर चिंध्या होतात, असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. आपल्या मराठवाड्यातलंच बघा. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. पुरातत्त्व खात्यात काम केलेले रसायनतज्ज्ञ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी ते मिळून केलं. गिलाव्यातून सुटे केलेले तंतू त्यांनी ताज्या भांगेशी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिले. भांगेमुळे किडी दूर राहिल्या असाव्यात; अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथली चित्रं किडींनी केवढी खाल्लीत! एकट्यादुकट्या विषयाच्या माणसाला हा धागा लागला नसता. अर्थात दोघंही आपापल्या विषयात पक्के होते, हे विसरू नका.

पीएचडी करणाऱ्या मुलांना एकच सांगतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेता येतो. ‘हे आपल्या विषयात बसत नाही’ असं गाईड म्हणाले तर तो नियम नम्रपणे पुढे ठेवा. आणि सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) देण्याआधीच दुसऱ्या विभागातल्या सरांना, मॅडमना जाऊन भेटा.