शब्दचर्चा : खारी तळी आटून बनलेल्या थरांना ‘क्षारांचा गाळ’ म्हणावं का?

प्रश्न : प्राचीन खाऱ्या तळ्यांच्या खोऱ्यांत मीठ, जिप्सम (पाणी धरून असलेलं कॅल्शियम सल्फेट), सोडा यांचे थर सापडतात. त्यांना ‘क्षारांचा गाळ’ म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद १ : गाळ नको. गाळ म्हणजे पाण्यानं वाहून आणलेले कण. हे थर विरघळलेल्या द्रव्यांचे स्फटिक होऊन तिथल्या तिथे साचतात. मी ‘बाष्पनिक्षेप’, म्हणजे बाष्पीभवनानं साचलेला थर, असं लिहितो. खोऱ्यातून पाणी बाहेर जायला वाट नसावी आणि येणाऱ्या पाण्यापेक्षा बाष्पीभवन जास्त असावं, या दोन्ही अटी त्यात गृहीत आहेत.

प्रतिसाद २ : ‘क्षार’ही जपूनच वापरा. बोलण्यात तो मिठालाही लागतो आणि सोड्यालाही, पण तळ्याच्या बाबतीत खरा प्रश्न हाच असतो की यातलं काय बनलं. समुद्राच्या पाण्याचा क्रम ठरलेला आहे : आधी कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट), पाणी मूळच्या पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम, दहाव्यावर आलं की मीठ. तळ्याचं तसं नाही. तिथेही कॅल्साइटच आधी बसतं, पण त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही खर्ची पडतात. कॅल्शियम उरलं तर पुढे जिप्सम आणि मीठ. बायकार्बोनेट उरलं तर जिप्समला कॅल्शियमच मिळत नाही, मिठवणी (आटून दाट झालेलं खारं पाणी) अल्कधर्मी होत जाते आणि ट्रोना हे सोडियम कार्बोनेटाचं खनिज बसतं. अमेरिकेत वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर या शैलसमूहातले (खडकांच्या थरांच्या गटातले) ट्रोनाचे जाड थर असेच, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळातल्या तळ्यातले. म्हणून सगळ्यांना मिळून ‘लवणं’ म्हणा आणि ‘सोडा’ फक्त सोडियम कार्बोनेटांसाठी ठेवा.

प्रश्न : मग एक थर म्हणजे तळं एकदा आटलं, असं धरायचं?

प्रतिसाद १ : नाही, इथेच मोजणी चुकते. नंतरच्या पुराचं गोडं पाणी वरचं मीठ पुन्हा विरघळवतं. तळाशी उभे वाढलेले, टोकं वर असलेले मिठाचे स्फटिक भिंगाखाली पाहा. टोकं सपाट कापली गेलेली आणि वर चिखलाची पातळ चादर दिसली, तर तिथलं मीठ धुपलेलं आहे. किती गेलं ते उरलेल्या जाडीवरून कळत नाही. चिखलानं वेळेत झाकलं तेवढंच टिकतं.

प्रतिसाद २ : एक पुरवणी. खोल गाडलेलं जिप्सम पाणी सोडून ॲनहायड्राइट (निर्जल कॅल्शियम सल्फेट) होतं आणि घनफळ जवळजवळ ३८ टक्के घटतं. वर उघडं पडलं की पुन्हा पाणी घेतं. त्यामुळे उघड्यावर जिप्सम दिसलं म्हणून खोल वेधन-विवरातून काढलेल्या नमुन्यालाही ‘जिप्सम’ लिहू नका.